सोवळ्यातला कीबोर्ड

आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरचे काका माऊसला शिवत नाहीत. नाइलाजानं शिवलेच, तर आचमन करावं तसं लगेच एस्केप दाबतात. त्यांचा माऊस टेबलाच्या कडेला उपडा पडलेला असतो आणि त्याच्या पॅडवर अडकित्ता.

असा एखादा प्राणी बहुतेक कचेऱ्यांत सापडतो. तुम्ही टाईप करत असता आणि पाठीमागे श्वास ऐकू येतो. तुम्ही शीर्षकाची ओळ माऊसनं रंगवता, ठळक करता, अक्षर सोळाचं करता, मधोमध ढकलता. दर पायरीला तो श्वास जड होत जातो. शेवटी न राहवून आवाज येतो, “कंट्रोल-आल्ट-एक!”

“पण काका, दिसायला सारखंच की.”

“दिसतं रे. पण ते शीर्षक नव्हे. मोठ्या आवाजात बोलणारा परिच्छेद आहे तो.”

संताप येतो तो एवढ्यासाठी, की म्हातारा बरोबर असतो. वर्डमध्ये कंट्रोल-आल्टबरोबर एक, दोन, तीन दाबलं की त्या त्या पातळीचं शीर्षक होतं. आल्ट-शिफ्ट आणि उजवा बाण दिला की त्याची एक पायरी उतरते, डाव्या बाणानं बढती मिळते. मग अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि पानं सरकली की एफ-नऊ दाबून ताजी करता येते. मी मात्र गेली कित्येक वर्षं टिंबांची रांग लावून शेवटी हातानं पानाचा आकडा लिहीत होतो. एक ओळ वाढली की सगळी टिंबं वारीला निघायची.

काकांची ही भक्ती टाईपरायटरच्या काळातली. मराठी ३०, इंग्रजी ४० असं शब्दांचं प्रमाणपत्र घेऊन ते सरकारी नोकरीला लागले. तेव्हा शीर्षक मधोमध आणायचं तर अक्षरं मोजायची, निम्मी करायची, मध्यावरून तेवढ्या वेळा बॅकस्पेस. काना मोजायचा, वरची मात्रा मोजायची नाही. चुकलं तर कागद बदला, कार्बनसकट. ज्यानं असं हाडं झिजवून शीर्षक कमावलंय, त्याला तीन बोटांत ते मिळाल्यावर तो माऊसकडे कशाला बघेल?

माऊस ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्टनं लोकांना दाखवला आणि तिथून माणूस बिघडला, असं काकांचं मत. त्याच प्रयोगात एंगेलबार्टच्या डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा कळसंच होता आणि पडद्यावर मुद्दे-उपमुद्द्यांची उतरंड उघडत-मिटत होती, हे मी त्यांना एकदा सांगितलं. काका गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे घराणं चांगलं होतं. उजवा हात वाया गेला.”

एकदा मीही हुशारी दाखवायला गेलो. माझ्या घरी लिबरऑफिस आहे, तिथं शीर्षकाला नुसतं कंट्रोल आणि आकडा पुरतो. काकांच्या वर्डमध्ये सोसायटीचा वार्षिक अहवाल उघडा होता, सगळा मजकूर निवडलेला. ते माझ्या लक्षात आलं नाही आणि मी ऐटीत कंट्रोल-दोन दाबलं. वर्डमध्ये त्याचा अर्थ ओळींतलं अंतर दुप्पट! अकरा पानांचा अहवाल क्षणात एकवीस पानांचा झाला. काकांनी शांतपणे कंट्रोल-झेड केलं. “ही खोड माहेरची दिसते,” एवढंच म्हणाले.

हल्ली ते किराण्याची यादीही वर्डमध्ये करतात. पहिलं शीर्षक किराणा, दुसरं डाळी, तिसरं तूर, आणि वर अनुक्रमणिका. वर्ड मुळात तीनच पातळ्यांना कळा देतं. चौथीला आपली आपण नेमून घेता येते, पण काकांच्या लेखी ते पाखंड. गेल्या महिन्यात ‘किराणा, मसाले, हिंग’ असं करता करता ‘बांधानी हिंग’ चौथ्या पातळीवर गेला. तिथं थेट कळ नव्हती, बाणानं पायरी उतरवणं काकांना कमीपणाचं, आणि माऊसला ते शिवणार नव्हते.

काकूंनी महिनाभर आमटी बिनहिंगाची केली.