चौथा, आठवा, बारावा

वसई पूर्वेच्या वालीव परिसरातील औद्योगिक गाळ्यांत प्लास्टिक मोल्डिंगच्या यंत्रांइतकाच ठरलेला असा एक चंद्रबळी सुपरवायझर असतो, आणि त्याचा आजचा मूड कसा आहे हे जाणकार कामगार त्याचे तोंड पाहण्याआधी भिंतीवरच्या पंचांगात पाहून घेतात. चंद्रबळ म्हणजे जन्मराशीपासून मोजता त्या दिवशीचा चंद्र कितव्या राशीत आहे यावरून ठरवलेले शुभाशुभ. त्यात चौथा, आठवा आणि बारावा चंद्र अनिष्ट मानतात. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस राहतो, म्हणजे 27 दिवसांच्या फेऱ्यात जेमतेम सात दिवस चिडचिडीला शास्त्राधार मिळतो. परंतु या गृहस्थांचा चंद्र एकदा आठव्यात शिरला की मालकाचा फोन येईपर्यंत तेथून हलत नाही.

चहा गार आला, चंद्र आठवा; साचा अडकला, चंद्र आठवा; टेम्पो हायवेला रखडला म्हणून ड्रायव्हरवर तोंडसुख घेतले, तरी बोलविता धनी चंद्र आठवाच. मात्र माल वेळेवर रवाना झाला तर ते कर्तृत्व निखळ स्वतःचे असते, त्यात चंद्राला वाटा नाही. दैव आणि पुरुषार्थ, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, यांच्यातील जुने भांडण त्यांनी असे परस्पर वाटणी करून मिटवले आहे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात केलेल्या चाचणीत 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून हुशार मुले आणि मतिमंद मुले ओळखायची होती, आणि त्यांचे सरासरी यश 46 टक्के, म्हणजे नाणे उडवण्याहूनही कमी भरले. हे ऐकवल्यावर गृहस्थ शांतपणे विचारतात, ‘त्या दिवशी त्यांचा चंद्र कितवा होता?’

तथापि या शास्त्राचा एक उपयोग नोंदवल्यावाचून राहवत नाही. रात्रपाळीत डुलकी लागून कोणाच्या हातून माल वाया गेला, तर गृहस्थ आधी त्याचा अर्धा दिवस कापतात आणि मग पंचांग उघडतात. अनेक कामगारांच्या आधार कार्डावर 1 जानेवारी हीच जन्मतारीख असल्याने नामराशी, म्हणजे नावाच्या आद्याक्षरावरून धरलेली रास, पाहावी लागते. हजेरीपटावरचे नाव ‘र’चे, म्हणून तूळ, चंद्र मेषेत, म्हणजे सातवा, उत्तम, सबब चूक माणसाची. येथे ते बराच वेळ थांबतात, चष्मा पुसतात आणि जरा खाकरून विचारतात, ‘घरी काय म्हणतात रे तुला?’ घरचे नाव ‘प’चे निघते, म्हणजे कन्या, आणि चंद्र बिनचूक आठवा. कापलेला अर्धा दिवस पुन्हा भरला जातो, शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत ‘चं. ८’ असे लिहिले जाते, आणि महिनाअखेरीस मालक तो यंत्राचा एखादा सुटा भाग समजून सही करतात.