फियाटवाले अप्पा

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालात की अक्षी, नागाव, चौल, प्रत्येक गावात एक फियाटवाला सापडतो. नाव काही का असेना, आपण त्याला अप्पा म्हणू. नारळ-सुपारीची वाडी, पुढे पडवी, आणि पडवीच्या कडेला झापांच्या मांडवाखाली ताडपत्री पांघरून निजलेली १९८४ची प्रीमियर पद्मिनी. कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात तिचं कितीही राजेशाही बारसं केलेलं असो, अप्पांच्या तोंडी ती फियाटच.

अप्पा गाडी चालवतात कमी, पुसतात जास्त. खारा वारा पत्रा खातो, म्हणून पावसाळ्याआधी बुडाला काळं ऑइल आणि अंगाला काकूंच्या जुन्या लुगड्याचं मऊ फडकं. फडकं मऊ हवं म्हणून लुगडं जुनं होण्याचीही अप्पा वाट पाहत नाहीत, असं काकूंचं म्हणणं. गाडीत बसणाऱ्याला नियम एकच: "दार हळू. एस्टी नाही ही." स्टिअरिंगला गिअर असल्यामुळे पुढच्या लांब सीटवर तिघं बसतात, आणि मधल्याला गाडीचा इतिहास ऐकावा लागतो. २०२२च्या एप्रिलात पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झाली. अप्पांनी पेणला जाऊन निमूटपणे भरली. काकूंच्या गुडघ्याचं मात्र अजून "बघू" चाललंय.

विम्याच्या बाबतीत मात्र हेच अप्पा भलतेच व्यवहारी. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत तिची विम्यातली किंमत ठरवायला घसाऱ्याचा तक्ता असतो. त्यापुढे मालक आणि कंपनी आपसांत ठरवतील ती किंमत. एजंट दरवर्षी विचारायचा, "अप्पा, थोडी वाढवून लावू?" अप्पा म्हणायचे, "चाळीस हजार पुरे. हप्ता कमी बसतो. चोरून नेणार कोण? चोराला स्टार्ट तर व्हायला हवी!" आणि झोकात सही ठोकायचे.

मग एक शनिवार उगवला. २०२०च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली तेव्हापासून शनिवार हा आमच्याकडे वार राहिलेला नाही, भरती झाली आहे. त्या भरतीतली एक दांडगी एसयूव्ही फोनमधल्या बाईचं ऐकत नागावच्या वळणावर आली. बाई म्हणाली "उजवीकडे वळा", ती वळली. उजवीकडे अप्पा होते.

अप्पांना खरचटलं. एसयूव्हीच्या बंपरला ओरखडा आला. फियाटचा बॉनेट दुमडला, रेडिएटर पंख्यात घुसला आणि पुढचा पत्रा दारापर्यंत मागे आला. संध्याकाळी पडवीत माणसं जमली. "किती वाजता झालं?" "शेवटचा हॉर्न वाजला का?" कोणीतरी अप्पांना चहाही पाजला. त्यांच्याच घरचा.

चार दिवसांनी सर्व्हेअर आला. कोवळा पोरगा. त्यानं गाडीभोवती फिरून फोटो काढले आणि समजावलं, "काका, दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्यावर पन्नास टक्के घसारा. रबर-प्लास्टिकवर पन्नास. काचेवर शून्य."

"म्हणजे हिची काच तेवढी तरणी?"

पोरगा हसला नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या पाऊणपटीपुढे गेला की गाडी टोटल लॉस. इथे मर्यादा तीस हजारांची, आणि कुर्ल्याच्या जुन्या बाजारात सुटे भाग हुडकण्यापासून सुरुवात.

"टोटल कसला?" अप्पा उसळले. "मागे ये. डिकीला एक ओरखडा दाखव!"

"काका, बाजारभावाप्रमाणे..."

"कुठल्या बाजारात मिळते ही? चल, आत्ताच जाऊ."

पोरानं मुकाट्यानं पॉलिसी काढून सही दाखवली. अप्पांनी चष्मा लावला, काढला, पुसला. "ही सही हप्त्यासाठी होती," ते म्हणाले, "किमतीसाठी नव्हती."

माझ्या मते विम्याच्या सगळ्या भांडणांचं सार या वाक्यात आहे, पण कंपन्यांच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

मग अप्पांनी कात्रण काढलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली, वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, आणि अख्खी मुंबई हळहळली. "भाड्यानं फिरलेलीला एवढा मान, आणि माझ्या घरातलीला चाळीस हजार?" मुलानं २०२१चे व्हिंटेज गाड्यांचे नियम शोधले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात. म्हणजे २०३४. "तोवर थांबता आलं नसतं त्या माणसाला?" अप्पांनी विचारलं. समोरच्याच्या विम्यातून उरलेली भरपाई मागायला दावा लावता येतो, असं वकिलानं सुचवलं. पण दाव्याच्या कागदात गाडीचा उल्लेख "मालमत्ता" असा होता, तिथंच अप्पांचं मन उडालं.

निकामी झालेल्या गाडीची खबर चौदा दिवसांत आरटीओला द्यावी, असं कायदा सांगतो. अप्पा म्हणाले, "बरोबर आहे. तेरावं उरकून."

सांगाडा कंपनीला द्यायचा की ठेवायचा? हा प्रश्न अप्पांना विचारणंच चूक. सांगाड्याचे आठ हजार आणि सक्तीची वजावट एक हजार कापून खात्यात एकतीस हजार आले. काकूंनी ते परस्पर गुडघ्याच्या नावे लावले.

परवा चौलच्या फियाटवाल्यांचा फोन आला. त्यांना मागचं डावं दार हवं होतं.

"देतो की. चाळीस हजार."

"अख्ख्या गाडीचे ना, अप्पा?"

"दाराचे. आणि काचेला घसारा नसतो, तिचे वेगळे."