मानलेला भाचा

आमच्या घरात सध्या एका मुलाच्या दाढीवरून दोन तट पडले आहेत. मुलगा आमचा नाही. तो तळकोकणात राहतो. हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून गावी गेलाय आणि आठवड्यातून दोनदा कधी आगरातून, कधी खाडीवरून, कधी नुसत्याच पावसातून व्हिडिओ टाकतो. आम्ही त्याला कधी भेटलेलो नाही आणि आम्ही या पृथ्वीवर आहोत हे त्याला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. पण रात्री साडेआठला तो टीव्हीवर येऊन 'नमस्कार माझ्या यूट्यूब फॅमिली' म्हणाला की आमची आत्या पदर सावरत 'ये बाबा' म्हणते.

सगळा घोटाळा त्या 'फॅमिली'ने झालाय. परक्या मुलखात हा शब्द स्वस्त असेल. मराठी माणसाला फॅमिली म्हणण्याआधी चार वेळा विचार करायला हवा, कारण तो ते खरं मानतो. आणि आमच्यात फॅमिलीने भेटल्यावर बोलायचं काय, हे ठरलेलं असतं: सुटलास की वाळलास, नोकरीचं काय, आणि यंदा लाडू कधी. त्या मुलाला गेल्या आठवड्यात एकाच व्हिडिओखाली एकीने 'दादा, किती वाळलात, जेवता ना वेळेवर?' असं विचारलं होतं आणि दुसरीने 'दादा, पोट सुटलंय, चालायला जात जा' असं बजावलं होतं. व्हिडिओ फणसाचा होता.

आत्याचं म्हणणं, दाढीने तो आजारी दिसतो. माझ्या मुलीचं म्हणणं, दाढी काढली तर तो दहावीतला दिसेल. मी तटस्थ होतो. मग बायकोने 'तुम्हाला कशातच मत नसतं' असा जुना मुद्दा उकरून काढला, म्हणून मी दाढी ठेवावी पण कातरावी अशी मधली भूमिका घेतली. हा ठराव त्याला कळवण्याची जबाबदारी मुलीवर सोपवली आहे.

असल्या एकतर्फी नात्याला डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1956 साली एक लांबलचक शास्त्रीय नाव दिलं. ते आधी आमच्याकडे आले असते तर शब्द आयता मिळाला असता. मानलेला. आपल्याकडे भाऊ मानतात, बहीण मानतात. फरक एवढाच की पूर्वी मानलेल्या भावाला निदान ओवाळून घ्यायला पाटावर येऊन बसावं लागायचं. आता तो परस्पर मानला जातो.

दाढीचा प्रश्न घरगुती आहे. करिअरचा मात्र सोसायटीने हाती घेतलाय, आणि त्याचे प्रमुख आहेत तळमजल्यावरचे निवृत्त शाखाधिकारी. आयुष्यभर कर्जाचे अर्ज नामंजूर केल्यामुळे त्यांची नजर तयार आहे. शॉर्ट्सचा मार्ग सोडला तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेल्याशिवाय जाहिरातीचा पैसा सुरू होत नाही, नेहमीच्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के करणाऱ्याला आणि उरलेले यूट्यूबला, हे सगळं त्यांना पाठ आहे. व्हिडिओ आठ मिनिटांचा झाला की मध्ये जाहिरात घालता येते, पूर्वी त्यासाठी दहा मिनिटं लागायची, हेही त्यांनीच मला सांगितलं. तेव्हा कुठे मला उलगडलं की आमचा हा मानलेला भाचा घावण उलटण्याआधी आकाशाकडे इतका वेळ का बघतो. वीजबिलाच्या पाठीमागे सगळा हिशेब मांडून शाखाधिकाऱ्यांनी निष्कर्ष काढला, 'उत्पन्न आहे, पण स्थिर नाही.' लाख सबस्क्रायबरांवर यूट्यूब रुपेरी बटण देतं, असं मी म्हणालो. 'चांदीचं नसतं ते,' ते म्हणाले. 'तारण म्हणून शून्य.'

त्यांचं आणखी एक शास्त्र आहे. पोराने नोकरी सोडली की ते त्याला वेडा म्हणतात. चाललं की 'मी म्हटलंच होतं'. आणि पुढे सरकला की 'बदलला'. प्राजक्ता कोळी ही आमच्या ठाण्याची. रेडिओतून बाहेर पडून तिने 2015 मध्ये यूट्यूबवर चॅनल काढला, 2020 मध्ये नेटफ्लिक्सच्या 'मिसमॅच्ड'मध्ये आली आणि 2022 मध्ये 'जुग जुग जियो' या हिंदी सिनेमात. एवढ्या काळात शाखाधिकाऱ्यांचे तिन्ही शेरे मारून झाले. सिनेमा आल्यावर ते खरोखर दुखावल्यासारखे म्हणाले, 'आता ती आपली नाही राहिली.' ती त्यांची कधी होती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय त्यांच्याकडे आहे.

सूरज चव्हाणच्या बाबतीत तर शेऱ्यांची फारच गर्दी उडाली. बारामतीकडचा हा मुलगा टिकटॉकवर होता तेव्हा आमच्या सोसायटीत त्याची नक्कल करून हसायचे. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तो रील्सवर आला, तरी हसू तेच. 2024 ला तो 'बिग बॉस मराठी' जिंकला आणि एका रात्रीत त्याच्या साधेपणावर भाषणं सुरू झाली, तीही त्याच तोंडांनी. 2025 मध्ये केदार शिंदेंनी त्याला घेऊन 'झापुक झुपूक' काढला, तेव्हा त्याने सिनेमात जाण्याची घाई केली की उशीर, यावर गच्चीवर दीड तास चर्चा झाली. त्या सभेत तिकीट काढलेला माणूस एकही नव्हता.

बायकांचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कोथिंबीर वडीची कृती दाखवणाऱ्या एका बाईंच्या व्हिडिओखाली मी परवा वाचत गेलो. टिकली का नाही? मंगळसूत्र कुठंय? नखं वाढवून पीठ मळतात का? गाऊनवर कॅमेऱ्यासमोर येतात का? वडी किती वेळ वाफवायची, हे विचारणारं कोणी नव्हतं. तेच एक पुरुष बनियनवर मटण करतो, घाम पुसून तोच हात मसाल्यात घालतो, त्याला सगळे 'भाऊ, नाद खुळा' म्हणतात.

मुलगा माझा इंग्रजी बघतो. त्याचा टॉम स्कॉट नावाचा एक गोरा गुरुजी आहे. बहुतेक वेळा लाल टीशर्टात उभा राहून तो दर सोमवारी काहीतरी समजावून सांगायचा. असं दहा वर्षं केल्यावर 1 जानेवारी 2024 ला त्याने दर आठवड्याचं काम थांबवलं. न भांडता, सांगून सवरून. मुलगा हळवा झाला. आत्याने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'दहा वर्षं तोच शर्ट? आई नाही का त्याला?'

ही खोड आजची आहे असं म्हणून मोबाइलला शिव्या देण्यात अर्थ नाही. आत्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, बालगंधर्वांना असाच जीव लावला होता. त्यांनी कुठला शालू नेसावा, नथ कशी घालावी, अंगाने किती भरलेत, हे सगळं ते बिऱ्हाडी बसून ठरवायचे. नाटकात भामिनी म्हणून पन्नाशीकडे झुकलेला पुरुष त्यांना चालत होता. 1935 मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त तोच पुरुष संत एकनाथ होऊन, म्हणजे पुरुष होऊन, पडद्यावर आला, आणि आजोबा मध्यंतरातच घरी आले. 'त्यांना धोतर शोभत नाही,' एवढंच ते म्हणाले आणि रात्री जेवले नाहीत, असं आत्या सांगते. सांगताना ती वडिलांच्या बाजूने असते.

तर परवा मुलीने आत्याचाच व्हिडिओ काढला. कुळथाची पिठी. आत्या कॅमेऱ्याकडे न बघता, कढईशी बोलावं तसं बोलली, आमसुलं किती घालायची ते सांगताना दोनदा चुकली आणि शेवटी 'झालं, बंद कर' म्हणाली. मुलीने तेही तसंच ठेवून व्हिडिओ टाकला. रात्रीपर्यंत एकशे बारा जणांनी पाहिलं. आत्याला मी म्हटलं, आता बघ, लोक तुला दाढीवरून बोलतील. ती म्हणाली, 'वाच.'

मुलगी वाचायला लागली. आजी गोड आहेत. आजी थकलेल्या वाटतात. आजींनी मसाल्यांचा व्यवसाय सुरू करावा. आजींनी आता आराम करावा. पिठीत लसूण आमच्याकडे घालत नाहीत. मला गंमत वाटत होती. ज्या पाटावरून ती इतकी वर्षं निवाडे देत होती, त्याच पाटावर तिला बसवलं होतं. शेवटची कॉमेंट नागपूरच्या कुणा बाईंची होती: 'आजी, तुमच्या चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलाय. कानाला टोचत असेल ना? बदलून घ्या.'

आत्याने चष्मा काढला, दोरा बघितला, पुन्हा घातला.

'गणपतीत बांधलाय तो,' ती म्हणाली. 'आता होळी येईल.' मग माझ्याकडे वळून अगदी सहज, तक्रारीचा सूर न लावता तिने विचारलं, 'तुला दिसला होता का रे?'

टीव्हीवर भाचा आला होता. दाढी त्याने कातरली होती, मी सांगितली होती तशीच. कोणी बघितलं नाही. मी घड्याळ बघितलं. कोपऱ्यावरचा चष्मेवाला नऊला शटर ओढतो. मी चपला घातल्या.