डिकीतली तपश्चर्या

गाडीची डिकी सामानासाठी असते, ही समजूत आता जुनी झाली. तिथे १२ इंची सबवूफर बसतो, आणि त्याला बाजारातली चौकोनी पेटी चालत नाही. डिकीच्या वळणात चपखल बसणारी, फायबरग्लासची, घरी घडवलेलीच हवी. मग डिकीत मास्किंग टेप चिकटवायची, वर मॅट अंथरायची, रेझिनमध्ये हार्डनर कालवायचा. हार्डनर कमी पडला तर नुसती चिकचिक, जास्त झाला तर डब्यातूनच धूर. स्टायरिनचा वास वरच्या मजल्यापर्यंत, काचतंतूंची खाज अंगभर. पुढे एमडीएफची रिंग, तिच्यावर ताणलेलं फ्लीसचं कापड, पुन्हा रेझिन, पुट्टी, पॉलिशपेपर. पेटीच्या आतलं घनफळ मात्र अंदाजपंचे! बेसचं सगळं गणित खरं त्या लिटरांत असतं. पण लिटर कुणाला दिसतात? चकाकी दिसते.

एवढ्या तपश्चर्येनंतर पहिला ठोका पडतो आणि सर्वांत आधी नंबरप्लेट खडखडते. मालक कृतार्थ. आता स्टेपनी घरी, बॅगा मागच्या सीटवर आणि आजीसाठी रिक्षा. बाकी, निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तशी नोंद आहे.