बेनामी हवाईयन गिटारची कुंडली मांडण्याची शास्त्रोक्त पद्धत

माळ्यावरून उतरलेल्या पितळी भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली असते. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या जुन्या गिटारवर मात्र काहीच नसतं. अशी गिटार बालाघाटात हाती लागली, की पहिलं काम म्हणजे वडीलधाऱ्यांना खोलीबाहेर काढणं. नाहीतर ते लगेच सांगतात, “भरवेलीच्या खाणीतल्या इंग्रज साहेबाची आहे.” या जिल्ह्यात मूळ न सापडणारी प्रत्येक वस्तू याच साहेबाच्या नावावर जमा आहे. एवढं सामान वाटून गेला असेल, तर बिचारा जहाजात नेसत्या कपड्यांनिशीच चढला असणार.

त्यापेक्षा रेल्वेचा विचार करावा. गोंदिया-बालाघाट-जबलपूर ही छोटी लाइन एकेकाळी बंगाल नागपूर रेल्वेची होती आणि त्या कंपनीचं मुख्यालय कलकत्त्यात, गार्डन रीचला होतं. हवाईयन गिटारची इकडची राजधानीही कलकत्ताच. हवाईहून आलेला ताऊ मो 1940च्या दशकात तिथे सहकुटुंब राहून वाजवत होता. पुढे सुनील गांगुलींच्या गिटारवरची सिनेमाची गाणी तबकड्यांतून घरोघरी गेली. तेव्हा एखाद्या बंगाली गार्डबाबूच्या होल्डॉलबरोबर आपली गिटार बालाघाट स्टेशनात उतरली असेल, हे साहेबापेक्षा पटण्याजोगं आहे. पुरावा याचाही नाही. पण आगगाडी निदान खरी होती.

आता तपासणी. साहित्य: दोन पेचकस (चपटा आणि प्लसचा), टॉर्च, शिवणाच्या डब्यातली टेप आणि स्क्रू हरवल्यावर ज्याच्यावर ओरडता येईल असा एक भाचा.

दांडा मागून चौकोनी, तारा पट्टीपासून चांगल्या उंच आणि पडद्यांच्या जागी नुसत्या रंगवलेल्या रेघा असतील, तर वाद्य जन्मजात मांडीवरचं. दांडा गोल आणि पडदे झिजलेले दिसले, तर ती साधी स्पॅनिश गिटार. कुणीतरी नट (डोक्याजवळची तारांची पट्टी) उंच करून तिला आडवं पाडलं आहे. मग डोक्यावर टॉर्च तिरपा मारावा. दोन बारीक भोकं दिसली तर तिथे नावाची पाटी होती आणि कुणीतरी ती काढली. का काढली, हे मामांना विचारू नये. दांड्याच्या बाजूने भोकांची रांगच असेल, तर प्रकरण वेगळं: 1994 साली विश्वमोहन भट्टांना ग्रॅमी मिळाल्यावर घरातल्या कुणीतरी गिटारला त्यांच्यासारख्या तरफा (आपोआप झंकारणाऱ्या तारा) लावायला घेतल्या आणि ड्रिलचं बिट मोडताच शास्त्रीय संगीत सोडलं. तारा आठ निघाल्या तर आठ तारांची गिटार वाजवणारे व्हॅन शिपले आठवतील आणि ‘शिपलेंची!’ असं ओरडावंसं वाटेल. आवरावं.

गिटार विजेची असेल तर खरी जन्मतारीख पोटात असते. पत्रा उघडून व्हॉल्यूम कंट्रोलची पाठ बघावी. अमेरिकन माल असेल तर 304536 असा काहीतरी आकडा सापडेल. पहिले तीन अंक कारखान्याचे (304 म्हणजे स्टॅकपोल, 137 म्हणजे सीटीएस), पुढचा वर्षाचा शेवटचा अंक, मग आठवडा. म्हणजे छत्तिसावा आठवडा नक्की. साल 1945 की 1955, हे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ठरवावं. त्यातही ही जन्मतारीख कंट्रोलची, गिटारची नव्हे. टाक्यांवर जुन्या-नव्या झाळणीचे थर दिसले, तर कुण्या रेडिओवाल्याने दुसऱ्याचं काळीज बसवलेलं आहे. तारा पिकअपच्या आरपार जात असतील तर शिकागोच्या व्हॅल्कोचा संशय घ्यावा. नालेच्या आकाराचे दोन चुंबक तारांना वरून वेढून असतील तर रिकनबॅकर. आधी दाराला कडी घालावी.

यातलं काहीच नाही आणि उचलताना कंबरेत उसण भरली, तर पत्र्याखालचं लाकूड थोडं खरवडावं. सागवान निघालं की अमेरिका, जपान विसरायचं. बालाघाटच्या जंगलात साग काही थोडा नाही. टेप लावा: नटपासून बाराव्या रेघेपर्यंतचं अंतर तारेच्या बरोबर निम्मं हवं, कारण वरच्या सप्तकातला तोच सूर तिथे बोलतो. कारखान्यात सहसा हे चुकत नाही. साडेबावीस इंची तारेत ही रेघ पाव इंच सरकलेली असेल, तर करणाऱ्याने त्याआधी दारं-खिडक्या पुष्कळ केलेल्या असणार. वाजवणाऱ्याचं मात्र काही अडलेलं नसतं. हातातली पोलादी दांडी रेघ बघून नव्हे, कान सांगेल तिथे थांबते. जुन्या तारा भिंगातून बघा. झिजेची चमक रेघेवर नसून पाव इंच अलीकडे-पलीकडे, बरोबर निम्म्यावर असेल, तर गिटार कानाच्या माणसाकडे होती.

गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राचे फोटोही पुरावा म्हणून पुढे येतील. त्यांत तबलजी दिसतो, अकॉर्डियन दिसतं आणि कोपऱ्यात खाली मान घालून इस्त्री करत असल्यासारखा एक माणूस दिसतो. तोच आपला वादक. गिटार माइकच्या स्टँडमागे.

शेवटी तज्ज्ञाचं मत. गावातला गिटार शिकवणारा मुलगा येईल, ती उभी धरेल, चौकोनी दांडा मुठीत मावला नाही की तारा दाबून बघेल, त्या दबणार नाहीत, आणि सांगेल, “काकाजी, ही खराब आहे.” हे मत भाव पाडायला फार उपयोगी पडतं. तेव्हा गिटार विकत घ्यायची असेल तरच त्याला बोलवावं.