घाम, जीएसएम आणि भाऊंचा चेहरा

आमच्या क्रिकेट क्लबात कर्णधार निवडायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. टी-शर्टचं कापड निवडायला मात्र अख्खा श्रावण लागतो. कारण उघड आहे. कर्णधाराला नुसत्या शिव्या घालायच्या असतात, टी-शर्ट अंगात घालायचा असतो.

नाना सुती पक्षाचे. ऐन पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये ते म्हणे सुती कपड्यांत खेळलेत. "सुती कापड घाम पितं," हा त्यांचा सिद्धान्त. पितं, हे खरंच; पण प्यायलेलं लवकर सोडत नाही. दहाव्या षटकाला सीमारेषेवरचा गडी नुकताच विहिरीतून काढल्यासारखा दिसतो. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. घाम धाग्यांच्या फटींतून कापडभर पसरतो आणि वाऱ्यावर उडतो. म्हणून पोरांना डॉट-निट हवं होतं, बारीक भोकाभोकांचं. "घाम उडेल, वासाचं काय?" नानांनी विचारलं. तो प्रश्न सर्वानुमते ज्याच्या त्याच्या घरच्यांकडे सोपवण्यात आला.

मग जीएसएम आलं, म्हणजे चौरस मीटरभर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पोरांनी 140 पसंत केलं. ज्येष्ठांनी तोच नमुना अंगाला लावून, श्वास रोखून आरशात पाहिलं आणि 180 चा आग्रह धरला. कारण सांगितलं "टिकाऊपणा". पातळ कापड पोटाला चिकटून सगळं खरं बोलतं, जाड कापड जरा सांभाळून घेतं, एवढं आम्हालाही कळत होतं.

कोणीतरी गुलाबी रंग सुचवला. हशा पिकला. 1979 साली केरी पॅकरच्या वर्ल्ड सिरीज क्रिकेटमधल्या रंगीत कपड्यांच्या सामन्यांत वेस्ट इंडिजचा संघ गुलाबी कपड्यांतच उतरला होता, असं मी सांगितलं. "त्यांच्याकडे बघून हसायची कोणाची टाप होती?" नाना म्हणाले, "आपल्या गोलंदाजीवर तर पंचही हसतात." गुलाबी बाद.

अखेर निकाल लावला प्रायोजक भाऊंनी. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डातले इच्छुक. पैसे त्यांचे, अट एकच: छातीवर त्यांचा हसरा फोटो, पक्षाच्या झेंड्या-चिन्हासकट. छपाईवाल्याने समजावलं, "सब्लिमेशन पॉलिएस्टरवरच धरतं. तापवलं की शाईची वाफ होऊन धाग्यात शिरते, मग ती निघत नाही. सुतीवर मारलं तर दोन-चार धुण्यांत फोटो पुसट." निवडणुकीआधी चेहरा धुतला जाणार म्हटल्यावर भाऊंनी पॉलिएस्टर मंजूर केलं, तेही 180. ज्येष्ठांनी टाळ्या वाजवल्या.

विणलेलं कापड ताणलं जातं, याचा हिशेब मात्र कोणी केला नव्हता. सडपातळ सलामीवीराच्या अंगावर भाऊ चिंताग्रस्त दिसत, यष्टिरक्षकाच्या पोटावर कानापर्यंत हसत. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, तेव्हाही ते हसतच होते.

दिवाळीनंतर भाऊंनी पक्ष बदलला. टी-शर्टवर जुना झेंडा, जुनं चिन्ह, सगळं ठणठणीत. किती घासलं तरी ढिम्म हलेना. दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते मैदानावर येऊन आमच्याकडे संशयाने पाहू लागले.

यंदा भाऊ पुन्हा प्रायोजक आहेत. कापडाची बैठक पाच मिनिटांत आटोपली. नानांचा सुती टी-शर्टचा ठराव एकमताने मंजूर झाला, आणि अनुमोदन खुद्द भाऊंनी दिलं.