वॉर्डातलं एक वेड

वॉर्डात शहाणी माणसं पुष्कळ असतात. रक्त चढत असताना पेशंटला हुडहुडी भरली, की शहाणा माणूस ॲव्हिल टोचतो, पिशवीचा वेग कमी करतो आणि थंडी ओसरली की पुढच्या खाटेकडे वळतो. मला कौतुक करायचं आहे ते वॉर्ड ज्यांना वेड्या म्हणतो, त्या सिस्टरांचं.

ताप जेमतेम एका अंशाने चढला तरी या बाई रक्त थांबवतात. सलाईन लावून शीर चालू ठेवतात. पिशवीवरचं नाव, नंबर, गट पुन्हा पेशंटशी ताडून बघतात. उरलेली पिशवी नळीसकट रक्तपेढीत परत, सोबत रक्ताचा ताजा नमुना आणि लघवी. वर रात्री दोन वाजता रक्ताच्या प्रतिक्रियेची नोंद करणारा फॉर्म! वणवण करून पिशवी मिळवलेले नातेवाईक चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. तरीही बाईंचंच बरोबर. चुकीच्या गटाचं रक्त शिरलं तरी सुरुवात अशीच थंडीतापाने होऊ शकते. साधा ताप की घात, हे खाटेशेजारी उभं राहून कुणालाच सांगता येत नाही.

आणि तो फॉर्म? ब्रिटनमध्ये १९९६ पासून असे फॉर्म ‘शॉट’ या योजनेकडे जमू लागले. रक्त दिल्यावर सहा तासांच्या आत फुफ्फुसांत पाणी भरून जीव घाबरा होण्याच्या घटना त्यांत होत्या. एकेका रुग्णालयाला त्या क्वचितच दिसत, म्हणून कुणाला काही उमगत नसे. एकत्र मांडल्यावर दिसलं, की प्लाझ्मा पुष्कळदा स्त्रीदात्यांचा होता. गरोदरपणात शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं त्यात उतरत होती. २००३ च्या अखेरीपासून तिथे शक्यतो पुरुषदात्यांचा प्लाझ्मा वापरू लागले आणि या घटना स्पष्टपणे घटल्या. कुठल्या तरी वेड्यांनी झोप मोडून कागद भरले होते म्हणून.

आपल्याकडे अशी नोंद १० डिसेंबर २०१२ पासून नोएडाच्या राष्ट्रीय जैविक संस्थेत होते. ज्या मोठ्या रुग्णालयाच्या वहीत वर्षभर एकही प्रतिक्रिया नाही, त्या वहीची मला भीती वाटते.

पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून न हलणं, हाही या सिस्टरांचाच वेडेपणा. तेवढ्यात चार खाटांवरून हाका येतात. त्या हाकांना दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. या बाईंना तिथून उठवू नका.